इलेक्ट्रॉनिक पुरावा आणि खासगीपणाचा हक्क : फौजदारी तपासातील दोन प्रश्न

प्रस्तावना

फौजदारी खटल्यातील जप्तीचा पंचनामा वाचला असता मुद्देमालाची एक यादी आढळते. डाग पडलेला शर्ट, लोखंडी पट्टी, काही रोख रक्कम आणि त्यांच्याच रांगेत ‘एक काळ्या रंगाचा मोबाइल संच, सिमकार्डसह’. यादीत त्याला इतर वस्तूंप्रमाणेच एक अनुक्रमांक मिळतो. वस्तुतः त्या एका संचात त्याच्या धारकाचा अनेक वर्षांचा पत्रव्यवहार, छायाचित्रे, बँकेचे व्यवहार, वैद्यकीय अहवाल आणि तो कोणत्या दिवशी कोठे होता याची नोंद साठविलेली असते. इतकेच नव्हे, तर ज्यांचा गुन्ह्याशी दुरान्वयानेही संबंध नाही अशा शेकडो व्यक्तींनी विश्वासाने त्याला लिहिलेला मजकूरही त्यात असतो. शर्ट जप्त झाला की तो एकट्या आरोपीचा असतो. मोबाइल जप्त झाला की तो कधीच एकट्याचा नसतो.

अशा वस्तूबाबत कायद्याला दोन प्रश्न विचारावे लागतात. हा पुरावा खरा आहे काय, हा पहिला प्रश्न. तो कोणत्या मार्गाने मिळविला, हा दुसरा. गेल्या पंचवीस वर्षांत भारतीय न्यायालयांनी पहिल्या प्रश्नाचा कीस पाडला आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजूनही बहुतांशी १९७२ सालच्या एका निर्णयावर विसंबून आहे. हे दोन प्रश्न परस्परांपासून कसे तुटले आणि त्याचे तपासावर कोणते परिणाम होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मूळ कोणते आणि प्रत कोणती?

१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाची रचना कागदाभोवती झालेली होती. दस्तऐवज हजर करणे हा प्राथमिक पुरावा, त्याची नक्कल हा दुय्यम पुरावा आणि दुय्यम पुरावा केवळ विशिष्ट परिस्थितीतच स्वीकारार्ह, अशी ती सुटसुटीत व्यवस्था होती. खरेदीखताच्या कागदावरील शाई, घड्या आणि स्वाक्षरीचा दाब नकलेत उतरत नाही, म्हणून मुळाला मान होता. संगणकीय अभिलेखात हा भेद टिकत नाही. एका फाइलची दुसरी प्रत पहिलीपेक्षा कणभरही कमी अस्सल नसते. याचीच दुसरी बाजू अशी की, त्यात केलेला फेरफारही डोळ्यांना दिसेल असा माग ठेवीत नाही.

हा फेरफार ओळखण्याचे साधन म्हणजे हॅश मूल्य होय. कोणत्याही फाइलवर ठरावीक गणिती प्रक्रिया केली असता अक्षरे व अंक यांची एक ठरावीक लांबीची मालिका मिळते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. फाइल एका पानाची असो वा हजार पानांची, मालिकेची लांबी तीच राहते. परंतु मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी संपूर्ण मालिका बदलते. म्हणून जप्तीच्या वेळी काढलेले मूल्य व न्यायालयात काढलेले मूल्य जुळले, तर मधल्या काळात त्या माहितीला कोणी हात लावलेला नाही असे मोठ्या खात्रीने म्हणता येते. येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. हॅश मूल्य केवळ ते काढल्या क्षणापासून पुढची साक्ष देते. जप्तीपूर्वीच त्या यंत्रात कोणी काही घुसविले असेल, तर त्याविषयी ते मौन बाळगते. भीमा कोरेगाव–एल्गार परिषद खटल्यातील एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये घातक संगणक प्रणालीद्वारे बाहेरून कागदपत्रे ठेवली गेली, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये दिला व राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो अमान्य केला. त्या वादात कोणाची बाजू खरी, हा साक्षीपुराव्याचा प्रश्न आहे. परंतु असा वाद उद्भवू शकतो आणि तो केवळ हॅश मूल्याने मिटत नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

प्रत्यक्ष तपासात याहून साधी चूक अधिक वेळा घडते. संच ताब्यात घेतल्यावर तो बंद करून वा संपर्कतरंग अडविणाऱ्या पिशवीत ठेवून प्रयोगशाळेत पाठविण्याऐवजी जागेवरच उघडून त्यातील संदेश चाळले जातात. अशा प्रत्येक स्पर्शाने यंत्रातील काही नोंदी बदलतात. पुढे बचाव पक्षाचे वकील नेमक्या त्याच बदललेल्या वेळेवर बोट ठेवतात आणि जे खरे होते तेही संशयास्पद ठरते.

कलम ६५-ब चा प्रवास

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि त्याद्वारे पुरावा अधिनियमात कलम ६५-अ व ६५-ब ही दोन कलमे दाखल झाली. संगणकातून काढलेली प्रत काही अटी पूर्ण झाल्यास मूळ यंत्र हजर न करताही दस्तऐवज मानली जाईल, असे कलम ६५-ब ने ठरविले. संगणक नियमित वापरात होता, माहिती नित्याच्या कामकाजाच्या ओघात त्यात भरली जात होती, त्या काळात यंत्र नीट चालत होते आणि प्रत त्याच माहितीवरून निघाली आहे, अशा त्या अटी. पोटकलम (४) नुसार या सर्व बाबींचे प्रमाणपत्र यंत्राच्या कामकाजाशी संबंधित जबाबदार पदावरील व्यक्तीने द्यावयाचे होते. या कलमाचा साचा इंग्लंडच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा अधिनियमातील कलम ५ वरून घेतलेला आहे. गमतीचा भाग असा की, इंग्लंडने ते कलम १९९५ मध्येच रद्द केले होते. ज्या व्यवस्थेचा तिच्या जन्मस्थानी त्याग झाला होता, तिची आपल्याकडे पाच वर्षांनी प्रतिष्ठापना झाली.

संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात, म्हणजे दिल्ली राज्य विरुद्ध नवज्योत संधू (२००५) या प्रकरणात, मोबाइल कंपन्यांच्या कॉल-नोंदींचे कागद प्रमाणपत्राविना सादर झाले होते. कलम ६५-ब चे पालन झाले नसले तरी दुय्यम पुराव्याच्या सर्वसाधारण कलमांखाली त्या नोंदी सिद्ध करता येतील, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पुढील नऊ वर्षे देशभरातील कनिष्ठ न्यायालयांत याच आधारावर कॉल-नोंदी, चित्रफिती व तबकड्या स्वीकारल्या गेल्या. १८ सप्टेंबर २०१४ रोजी अन्वर पी. व्ही. विरुद्ध पी. के. बशीर या केरळमधील निवडणूक याचिकेत त्रिसदस्यीय पीठाने ही भूमिका उलथवून टाकली. इलेक्ट्रॉनिक अभिलेखांसाठी विशेष तरतूद असताना सर्वसाधारण तरतुदींचा आश्रय घेता येणार नाही. दुय्यम प्रत असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा तो निर्णय होता.

निर्णय तर्कशुद्ध होता. त्याचे व्यावहारिक परिणाम मात्र गंभीर होते. ज्या खटल्यांत पुरावा आधीच नोंदला गेला होता, त्यांचे काय? सोनू विरुद्ध हरियाणा राज्य (२०१७) या प्रकरणात न्यायालयाने मधला मार्ग काढला. पुरावा सिद्ध करण्याच्या पद्धतीवरील आक्षेप खटला चालू असतानाच घ्यावयास हवा, अपिलात तो प्रथमच उपस्थित करता येणार नाही. पुढल्याच वर्षी शफी मोहम्मद विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य या प्रकरणात द्विसदस्यीय पीठाने आणखी सैलपणा आणला. यंत्र ज्याच्या ताब्यात नाही त्याच्याकडून प्रमाणपत्राची अपेक्षा करता येणार नाही, असे पीठाने म्हटले. भूमिका न्याय्य वाटते. परंतु त्रिसदस्यीय पीठाच्या निर्णयाशी ती विसंगत होती. विसंगती मिटविण्याची वेळ आली ती जालन्याच्या एका प्रकरणात.

जालन्याची चित्रफीत

२०१४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर यांना ४५,०७८ आणि कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२ मते मिळाली. अंतर २९६ मतांचे. पराभूत उमेदवाराचा आक्षेप मतमोजणीवर नव्हता. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजता संपत होती आणि विजयी उमेदवाराचा अर्ज त्यानंतर दाखल झाला, असे त्यांचे म्हणणे होते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात व बाहेर कॅमेरे लावलेले होते. त्यामुळे अर्ज केव्हा दिला गेला, हे चित्रफितीतच दिसणार होते.

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने चित्रफितींच्या तबकड्या हजर झाल्या. प्रमाणपत्र मात्र नव्हते. याचिकाकर्त्याने ते वारंवार लेखी मागितले. संबंधित अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. अखेर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उलटतपासणीत चित्रीकरण नियमितपणे झाल्याचे सांगितले आणि तेवढ्यावर कलमाचे भरीव पालन झाले असे मानून उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

१४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या निर्णयात त्रिसदस्यीय पीठाने अन्वर प्रकरणातील भूमिका कायम ठेवली आणि शफी मोहम्मद प्रकरणातील भूमिका चुकीची ठरविली. प्रमाणपत्राची जागा तोंडी साक्ष घेऊ शकत नाही. मात्र लॅपटॉपचा वा मोबाइलचा मालक स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन ते मूळ यंत्र हजर करील, तर प्रमाणपत्राची गरज नाही, कारण तो प्राथमिक पुरावा होय. यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असेल व तो प्रमाणपत्र देण्यास नकार देत असेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागविता येईल. खटला संपेपर्यंत योग्य प्रसंगी प्रमाणपत्र दाखल करण्यास मुभा देता येईल. अट एवढीच की, त्यामुळे आरोपीच्या बचावास बाध येऊ नये. प्रत्यक्ष प्रकरणात पक्षकाराने शक्य ते सर्व केले होते आणि कायदा कोणाकडूनही अशक्य गोष्टीची अपेक्षा करीत नाही, या तत्त्वावर त्याला प्रमाणपत्राच्या अटीतून सूट मिळाली. अपील फेटाळले गेले. त्या विधानसभेची मुदत तत्पूर्वीच संपून गेली होती.

हा निर्णय निवडणूक याचिकेतील असला तरी त्याचा खरा भार फौजदारी न्यायालयांवर पडतो. कॉल-नोंदींचे उदाहरण घेतले तर हे ध्यानात येते. दूरसंचार कंपन्यांवर या नोंदी राखून ठेवण्याचे बंधन पूर्वी एक वर्षाचे होते. डिसेंबर २०२१ मध्ये ते दोन वर्षांचे करण्यात आले. सत्र न्यायालयात खटला उभा राहीपर्यंत त्याहून अधिक काळ सहज लोटतो. तेव्हा प्रमाणपत्र कशाच्या आधारे द्यावयाचे? म्हणूनच तपासात मागविलेल्या नोंदी संबंधित कालावधीपुरत्या वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात, असा आदेशही न्यायालयाने याच निर्णयात दूरसंचार व इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना दिला.

२०२३ ची नवी रचना

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि कलम ६५-ब ची जागा कलम ६३ ने घेतली. ‘दस्तऐवज’ या संज्ञेतच आता इलेक्ट्रॉनिक व डिजिटल अभिलेखांचा समावेश आहे. प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत दिला असून त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग यंत्राचा वा संबंधित कामकाजाचा प्रभार असणाऱ्या व्यक्तीने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने; आणि दोन्ही भागांत हॅश मूल्य नमूद करावयाचे आहे. ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु तज्ज्ञ कोणास म्हणावे, हे कलम ६३ सांगत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली अधिसूचित झालेला परीक्षकच येथे अभिप्रेत असेल, तर तालुक्याच्या न्यायालयातील प्रत्येक साध्या खटल्यासाठी असा परीक्षक कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरतो. शिवाय कलम ५७ च्या एका स्पष्टीकरणानुसार योग्य ताब्यातून हजर केलेला डिजिटल अभिलेख, तो विवादित नसेल तर, प्राथमिक पुरावा होय. या स्पष्टीकरणाची व कलम ६३ मधील प्रमाणपत्राच्या अटीची सांगड कशी घालावयाची, यावर वकिलांना भरपूर युक्तिवाद करता येईल.

अनुसूचीत हॅश मूल्याच्या ज्या पद्धती सुचविल्या आहेत, त्यांत एमडी-५ व एसएचए-१ यांचाही समावेश आहे. एकच मूल्य देणाऱ्या दोन भिन्न फाइली मुद्दाम तयार करता येतात, हे पहिल्या पद्धतीबाबत २००४ मध्ये आणि दुसरीबाबत २०१७ मध्ये दाखविले गेले. आधीच अस्तित्वात असलेल्या फाइलीशी जुळणारी दुसरी फाइल बनविणे ही याहून कितीतरी अवघड गोष्ट असल्याने बहुतेक खटल्यांत प्रत्यक्ष धोका नाही. तरीही अधिक भक्कम पद्धत विनामूल्य उपलब्ध असताना २०२३ च्या कायद्याने दुबळ्या पद्धतींना जागा ठेवावी, याचे नवल वाटते.

या तरतुदींचा संबंध केवळ पोलीस व वकील यांच्याशी नाही. महाविद्यालयाच्या आवारात काही घडले आणि पोलिसांनी कॅमेऱ्याचे चित्रीकरण मागितले, तर प्रमाणपत्राचा पहिला भाग महाविद्यालयातील जबाबदार व्यक्तीसच भरावा लागतो. ध्वनिचित्रमुद्रक यंत्रातील जुने चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. ते वेळेवर वेगळे काढले नाही आणि हॅश मूल्याची नोंद ठेवली नाही, तर पुढे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

‘कसा मिळविला’ हा प्रश्न

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळावयाचे. १९६४ साली मुंबईच्या कॉरोनरने एका डॉक्टरकडे लाच मागितल्याची तक्रार झाली. दूरध्वनीला ध्वनिमुद्रक जोडून, डॉक्टरच्या संमतीने व पोलिसांच्या उपस्थितीत, दोघांचे संभाषण मुद्रित करण्यात आले. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि २२ सप्टेंबर १९७२ रोजी त्याचा निर्णय लागला. मुद्रण सुसंबद्ध असावे, आवाजाची ओळख पटावी आणि फेरफाराची शक्यता दूर झालेली असावी. हे सिद्ध झाल्यास ते ग्राह्य होय. ते बेकायदेशीर मार्गाने मिळविले, एवढ्याच कारणावरून ते अग्राह्य ठरत नाही. न्यायालयाने असेही म्हटले की, निरपराध नागरिकाच्या दूरध्वनी संभाषणास अन्याय्य हस्तक्षेपापासून संरक्षण मिळेल, परंतु ते संरक्षण दोषी नागरिकासाठी नाही.

हे शेवटचे विधान वरवर पाहता निर्विवाद वाटते. परंतु कोण निरपराध आणि कोण दोषी, हे खटल्याच्या अंतीच ठरावयाचे असते. संभाषण मात्र खटल्याच्या आधी ऐकले जाते. ऐकल्यानंतर दोष आढळला म्हणून ऐकणे योग्य ठरविले, तर त्या संरक्षणास अर्थच राहत नाही. १९७३ च्या अखेरीस पूरणमल प्रकरणातील घटनापीठाने बेकायदेशीर झडतीत सापडलेला पुरावाही स्वीकारार्ह मानला आणि हा विचार अधिक दृढ झाला. त्या काळी राज्यघटनेत खासगीपणाचा मूलभूत हक्क मान्य झालेला नव्हता, ही त्यामागील महत्त्वाची पार्श्वभूमी होय. १९५४ चा एम. पी. शर्मा व १९६२ चा खरक सिंग हे दोन्ही निर्णय त्या हक्काच्या विरोधात उद्धृत केले जात.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध भारत संघ या १८ डिसेंबर १९९६ च्या निर्णयाने पहिली फट पाडली. दूरध्वनीवरील संभाषण हा खासगी जीवनाचा भाग असून तार अधिनियमाच्या कलम ५(२) मधील सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता या अटींविना ते ऐकता येणार नाही. आदेश गृहसचिवाने द्यावा, तो दोन महिन्यांपुरता असावा व कोणत्याही परिस्थितीत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये, असे त्यात ठरले. पुढे २००७ मध्ये या सूचनांना नियमांचे रूप मिळाले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी के. एस. पुट्टस्वामी विरुद्ध भारत संघ या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग असल्याचे एकमताने जाहीर केले. त्या हक्कावरील प्रत्येक अतिक्रमणास कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि साधन हेतूच्या प्रमाणात हवे.

मग मलकानी निर्णयाचे काय? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी विनीत कुमार विरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभाग या प्रकरणात दिले. लाचखोरीच्या आरोपावरून २००९-१० मध्ये काढलेले दूरध्वनी ऐकण्याचे तीन आदेश न्यायालयाने रद्द केले, कारण त्यात सार्वजनिक आणीबाणी नव्हती की सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नव्हता. मुद्रित संभाषणे नष्ट करण्याचाही आदेश झाला. बेकायदेशीर असले तरी सुसंबद्ध आहे म्हणून चालेल, ही भूमिका पुट्टस्वामी निर्णयानंतर टिकत नाही, असा त्याचा आशय होता. तथापि हे मत सार्वत्रिक झालेले नाही. जुलै २०२५ मध्ये एका वैवाहिक वादात पतीने पत्नीच्या नकळत केलेले ध्वनिमुद्रण सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य मानले. तो वाद दोन व्यक्तींमधील होता, नागरिक व राज्यसंस्था यांमधील नव्हता, हे खरे. परंतु त्या निर्णयाचा दाखला फौजदारी खटल्यांत दिला जाणार, हे ओळखण्यास ज्योतिषाची गरज नाही.

इतर देशांनी येथे निरनिराळे मार्ग पत्करले आहेत. अमेरिकेत बेकायदेशीर झडतीतील पुरावा वगळण्याचा नियम १९१४ पासून संघराज्याच्या न्यायालयांत व १९६१ पासून राज्यांतही आहे. अटकेत असलेल्या व्यक्तीच्या मोबाइलमधील माहिती पाहण्यासाठी अधिपत्र हवे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरविले. इंग्लंडमध्ये १९८४ च्या अधिनियमातील कलम ७८ ने न्यायाधीशाला तारतम्य दिले आहे. पुरावा स्वीकारल्याने खटल्याच्या निष्पक्षतेस धक्का लागत असेल तर तो वगळता येतो. आपल्याकडे ना पहिल्यासारखा नियम आहे, ना दुसऱ्यासारखे कलम. २०२३ मध्ये पुरावाविषयक कायदा नव्याने लिहिला जात असतानाही ते आले नाही.

कुलूप उघडणे

मोबाइलचा परवलीचा शब्द सांगण्यास आरोपीला भाग पाडता येते काय, हा प्रश्न अनुच्छेद २०(३) शी निगडित आहे. कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड (१९६१) या प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने अंगठ्याचा ठसा व हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे ठरविले; कारण त्यात व्यक्ती आपल्याला ठाऊक असलेले काही सांगत नाही. उलट नार्को चाचणीसारख्या उपायांत मनातील माहिती बाहेर काढली जाते, म्हणून सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य (२०१०) या प्रकरणात त्यांची सक्ती घटनाबाह्य ठरली. आता मोबाइल बोटाच्या ठशाने उघडत असेल तर तो पहिल्या गटात पडतो आणि आकडे टाकून उघडत असेल तर दुसऱ्या गटात! एकाच संचातील त्याच माहितीचे संरक्षण कुलपाच्या जातीवर अवलंबून राहावे, हा निष्कर्ष चमत्कारिक आहे; परंतु १९६१ चा तर्क तेथेच नेतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात परवलीचा शब्द देणे ही साक्ष नव्हे असे म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये, खटला चालू असताना आरोपीवर त्यासाठी सक्ती करता येणार नाही, असे मत दिले.

आकडे न सांगताही पोलिसांना बरेच काही मिळू शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी स्वतःच्या लेखी आदेशाने इलेक्ट्रॉनिक संदेशवहन व त्याची यंत्रेही हजर करण्यास सांगू शकतो. त्यासाठी दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागत नाही. कॉल-नोंदींत संभाषण नसते, म्हणून त्या निरुपद्रवी समजल्या जातात. परंतु वर्षभराच्या नोंदींवरून एखादी व्यक्ती कोणत्या डॉक्टरकडे, कोणत्या वकिलाकडे, किती वाजता आणि किती वेळा गेली, हे बोलण्याचा एकही शब्द न ऐकता कळते. या नोंदींना बाजारात किंमत आहे, हेही लपून राहिलेले नाही. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल-नोंदी बेकायदेशीरपणे मिळवून विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हायटस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, आरोपीने आपले ठिकाण गूगल नकाशावर तपास अधिकाऱ्यास सतत दिसेल असे ठेवावे, ही जामिनाची अट रद्द केली. जामिनावर सुटलेल्याच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवणे अनुच्छेद २१ शी विसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले. तपास चालू असलेल्या, अद्याप आरोपीही न ठरलेल्या व्यक्तीच्या वर्षभराच्या हालचाली मात्र पोलीस ठाण्याच्या एका पत्राने मिळतात.

पीडिताचा खासगीपणा

या चर्चेत आरोपीच केंद्रस्थानी राहतो; वस्तुतः खासगीपणाची सर्वांत जीवघेणी हानी पीडित व्यक्तीची होते. केरळमधील लैंगिक अत्याचाराच्या एका खटल्यात अत्याचाराचे चित्रण असलेले स्मृतिपत्रक हाच मुख्य पुरावा होता आणि आरोपीने त्याची प्रत मागितली. पी. गोपालकृष्णन विरुद्ध केरळ राज्य या २९ नोव्हेंबर २०१९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्मृतिपत्रकातील मजकूर हा दस्तऐवज असून सर्वसाधारणपणे त्याची प्रत मिळण्याचा आरोपीस हक्क आहे हे मान्य केले. परंतु पीडितेच्या खासगीपणाचा व सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेथे प्रत न देता, वकील व तज्ज्ञासह ते केवळ पाहण्याची मुभा पुरेशी आहे, असे ठरविले. दोन हक्कांची तोलामोलाने मांडणी कशी करावी, याचा हा चांगला नमुना होय. दुर्दैवाने त्या तोलाचा विचार न्यायालयापर्यंत आलेल्या पुराव्यापुरताच होतो. फिर्याद देण्यास आलेल्या स्त्रीचा मोबाइल पोलीस ठाण्यात ठेवून घेतला जातो तेव्हा त्यातील किती भाग तपासास आवश्यक आहे, हे ठरविणारे कोणी नसते.

नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले असून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाचे आहे. पंचांच्या फितुरीचा जुना आजार यामुळे काही अंशी बरा होईल. चित्रीकरण जप्तीपाशी थांबते. संच प्रयोगशाळेत उघडल्यावर त्यातील कोणत्या कप्प्यात कोणी डोकावले, याची नोंद त्यात नसते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमाकडून अपेक्षा ठेवावी, तर त्याच्या कलम १७ ने गुन्ह्यांच्या तपासास बहुतेक बंधनांतून वगळले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पत्रकार व अध्यापकांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने यंत्रांच्या जप्तीबाबत मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास केंद्र शासनास सांगितले, ते याच उणिवेमुळे.

आणखी एका बाबीकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ऐकलेल्या दूरध्वनी संभाषणांचे अभिलेख कामापुरते ठेवून सहा महिन्यांनी नष्ट करण्याची तरतूद २००७ च्या नियमांत करण्यात आली होती. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ खाली घेतलेले बोटांचे ठसे ७५ वर्षे जतन करावयाचे असले, तरी पूर्वी दोषी न ठरलेली व्यक्ती अंतिमतः निर्दोष सुटल्यास, न्यायालयाने अन्यथा आदेश दिला नसेल तर, ते नष्ट करण्याचे बंधन आहे. मोबाइलमधील संपूर्ण माहितीची जी प्रतिमा प्रयोगशाळेत काढली जाते, तिच्यासाठी असे कलम संहितेत नाही. निर्दोष सुटलेल्या व्यक्तीला न्यायालयाच्या आदेशाने आपला मोबाइल परत मिळतो आणि मुद्देमाल मिळाल्याची तिची स्वाक्षरी घेतली जाते. प्रतिमा मात्र मुद्देमालाच्या यादीत नसल्याने ती परत करण्याचा वा पुसण्याचा आदेश द्यावा, असे कोणास सुचतही नाही.